केलरमधली चार चाकं

गेल्या रविवारी ट्यूबिंगेनहून एकीचा फोन आला. नागपूरची मुलगी, इथे जर्मनीत येऊन वर्षही झालेलं नाही. नवराबायकोनं पहिली गाडी घेतली, सेकंडहँड, आणि विकणाऱ्यानं गाडीबरोबर आणखी चार चाकं डिकीत आणि मागच्या सीटवर घालून दिली. "ताई, ही आता ठेवू कुठं? बाल्कनीत उभी करून ठेवली तर चालतील का?" फोनवर मी तिला दहा मिनिटं सांगितलं, पण ठेवल्यावर वाटलं की अर्धंच सांगून झालं. म्हणून हे सगळं एकदाचं लिहून काढते. दर मोसमाला कुणी ना कुणी हेच विचारतं.

आधी घरच्यांसाठी, म्हणजे सांगली-मिरजेत बसून हे वाचणाऱ्यांसाठी सांगते की आमच्याकडे गाडीला आठ चाकं का असतात. आम्ही रॉयटलिंगेनला राहतो, श्वेबिशे आल्ब नावाच्या पठाराच्या पायथ्याला. आपल्याकडे वाई आणि पाचगणी, तसं थोडंसं. खाली पाऊस पडत असतो आणि होनाऊचा घाट चढून वर गेलं की त्याच पावसाचा बर्फ झालेला असतो. उन्हाळी टायरचं रबर थंडीत कडक होतं. सात अंशांच्या खाली पारा गेला की टायर बदलावेत, असा इथला ठोकताळा आहे. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहील अशा मिश्रणाचं असतं, आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं चिरल्यासारख्या बारीक बारीक नागमोडी चिरा असतात. त्या चिरा बर्फाला धरतात. तेच टायर जुलैत पळवले तर भराभर झिजतात आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. म्हणून दोन संच. ओ ते ओ, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ऑक्टोबर ते ईस्टर, हे इथं लहान पोरालाही पाठ असतं.

कायद्यात मात्र तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, गारठलेला चिखल, निसरडं असं काही असेल तर हिवाळी टायर हवेतच. नसतील तर ६० युरो दंड आणि परवान्याच्या खात्यावर एक पॉइंट. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं 'एम प्लस एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, एवढं लिहिलेलं चालत नाही. टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असं चिन्ह लागतं. जुनी गाडी घेताना मिळालेल्या चाकांवर हे चिन्ह आहे का, ते आधी बॅटरी मारून बघा. नागपूरच्या मुलीला मी हेच पहिलं बघायला लावलं. चारही चाकांवर होतं.

तर दर सहा महिन्यांनी चार चाकं मोकळी होतात. आमच्या गोल्फ गाडीचं एक चाक, रिम धरून, १८ किलोच्या आसपास भरतं. चारांचे झाले बहात्तर. ती कुठेतरी सहा महिने निजवून ठेवायची.

पहिल्या वर्षी आम्हीही सोपा रस्ता धरला. टायरवाल्याकडे ठेवायची सोय असते, तिला इथं 'टायरचं हॉटेल' म्हणतात. मोसमाला ५५ युरो दिले आणि विसरलो. ऑक्टोबरात गाडीची चाकं बदलून आणली. संध्याकाळी अण्णांचा व्हिडिओ कॉल होता. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत होते. डेपोच्या टायर सेक्शनमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. मी सहज म्हटलं, अण्णा, आज हिवाळ्याचे टायर चढवले.

"दाखव बघू," अण्णा म्हणाले.

मी खाली अंगणात गेले. थंडीत फोन धरून एकेका चाकापाशी वाकले. त्यांनी नक्षी बघितली नाही की काही नाही. म्हणाले, "नंबर वाच. कडेला डॉट लिहिलंय ना, त्याच्या शेवटचे चार आकडे."

पहिल्याचे ३२१८. म्हणजे टायर बनला २०१८ सालातल्या बत्तिसाव्या आठवड्यात. दुसऱ्याचे ३२१८. तिसऱ्याचे ३२१८. मागचं उजवं चाक वाचलं, तर ०९१४.

अण्णा काही क्षण गप्प झाले. मग म्हणाले, "हा टायर तुझा नाही. चार वर्षांनी थोरला आहे. गेल्या वर्षी लिहून ठेवले होतेस का नंबर?"

नव्हते. टायरची कंपनी तीच, माप तेच, रिमही तशीच काळी लोखंडी. दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसानं शांतपणे विचारलं, आमच्याकडे देताना काय नंबर होते त्याचा काही पुरावा आहे का? माझ्याकडे बिल होतं, पण बिलावर नंबर नव्हते. त्यांच्याही कागदावर 'चार चाकं' एवढंच. आमचा चौथा टायर कुणाच्या गाडीला लागला ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या जुन्या टायरच्या कडेला नख लावलं तर रबर दबत नव्हतं. मी तो वापरला नाही. एकाच धुरीवर एक नवा आणि एक जुना नको, म्हणून दोन नवे घेतले. पैशांचं दुःख झालंच, पण जास्त राग याचा आला की डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पोरीला मागे बसवून तीच गाडी आल्बवर नेली असती.

तेव्हापासून चाकं घरी. मालक घरी ठेवू देत असेल आणि जागा असेल, तर मी प्रत्येकाला हेच सांगेन.

अण्णांच्या डेपोत प्रत्येक टायरला स्वतःचा नंबर असे आणि त्या नंबराचं कार्ड असे. कुठल्या गाडीला कधी चढला, कुठल्या बाजूला होता, किती किलोमीटर पळाला, रिमोल्ड कधी झाला, म्हणजे वर नवं रबर कधी चढलं, सगळं त्या कार्डावर. नऊशे वीसचा टायर, आत ट्यूब, फ्लॅप, वर लोखंडी रिंग. लहानपणी मी डबा द्यायला जायची तेव्हा त्या शेडमध्ये भिंतीच्या कडेनं टायर उभे लावलेले असत आणि अण्णा मधूनच एखादा अर्धा फिरवून ठेवत. मला वाटायचं हात मोकळा आहे म्हणून करतात. बिनरिमचा टायर एकाच जागी उभा राहिला तर बुडाशी बसतो, चपटा होतो, म्हणून महिन्या-दीड महिन्यानं फिरवायचा असतो, हे मला इथं येऊन कळलं.

आणि इथंच बहुतेकांची गल्लत होते. रिमवर चढवलेल्या टायरचं बरोबर उलटं आहे. रिमसकट चाक उभं ठेवायचं नाही. एक तर आडवं, एकावर एक चार, नाहीतर रिमला धरून टांगायचं. बिनरिमचा टायर मात्र टांगायचा नाही, ओढला जातो. तो उभाच ठेवायचा आणि फिरवत राहायचा. रिम आहे की नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळं ठरतं.

आमच्या इमारतीत सहा बिऱ्हाडं. प्रत्येकाला तळघरात, म्हणजे केलरमध्ये, लाकडी पट्ट्यांची एकेक खोली, वर कुलूप. आमची पायऱ्या उतरून उजवीकडची दुसरी. शेजारी गरम पाण्याच्या बॉयलरची खोली आहे. तिच्या भिंतीला हात लावला तर कोमट लागते, म्हणून चाकं मी समोरच्या भिंतीशी ठेवते. तिथं बाराही महिने गार आणि अंधार. रबराला हेच हवं असतं. गार, कोरडं, अंधार. ऊन नको, उष्णता नको, तेल-पेट्रोल-थिनर नको. गाडीच्या तेलाचा अर्धा डबा लोक हमखास चाकाच्या पोकळीत ठेवतात, जागा वाचते म्हणून. तो गळला तर खालच्या टायरचं रबर फुगतं. आमचा डबा वेगळ्या फळीवर असतो, खाली जुनं ताट.

अजून एक गोष्ट अण्णांनी सांगेपर्यंत मला माहीत नव्हती. ज्या खोलीत वेल्डिंग होतं, किंवा ठिणगी मारणारी मोटार चालते, तिथं टायर ठेवू नये. विजेच्या ठिणगीनं हवेत ओझोन तयार होतो आणि ओझोन रबराला चिरा पाडतो. ताणलेल्या रबराला तर आधी. म्हणून टायरच्या मिश्रणात मेण आणि ओझोनला अडवणारं रसायन घातलेलं असतं. ते हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं आणि वर पातळ थर धरतं. तुम्ही बघितलं असेल, बरेच दिवस पडून राहिलेला टायर कडेनं तपकिरी दिसतो. मी पहिल्या वर्षी ब्रश आणि साबण घेऊन तो तपकिरी रंग घासायला बसले होते, आणि अण्णा फोनवर ओरडले, "अगं घासू नको! घाण नाही ती, घाम आहे त्याचा. तोच त्याला वाचवतो." गाडी पळत असते तेव्हा रबर दबतं-सुटतं आणि हा घाम सारखा वर येतो, निजलेल्या टायरला तेवढा येत नाही. म्हणून पळणाऱ्या टायरपेक्षा पडलेल्या टायरची जागा जास्त जपायची. आमच्या केलरमध्ये नवऱ्याचं ड्रिल मशीन असायचं, ते मी वरच्या कपाटात हलवलं. त्यानं काही फार फरक पडला असेल असं नाही, पण फुकटात होत होतं ते केलं. काळी चमक आणणारे स्प्रे मिळतात, तेही मी लावत नाही.

आता बाल्कनी. नागपूरच्या मुलीची बाल्कनी दक्षिणेला आहे, म्हणजे मार्च ते सप्टेंबर दिवसभर ऊन. उन्हाळ्यात निजतात ती हिवाळी चाकं, म्हणजे नेमकी ऊन खाणार तीच. शिवाय उभी करून ठेवणार म्हणत होती. दोन्ही नको म्हणून सांगितलं. केलर ओलसर असेल आणि बाल्कनीशिवाय इलाजच नसेल, तर सावलीचा कोपरा, खाली लाकडी फळ्या, वर उजेड न जाणारं कापडी आवरण, आणि खाली हवा खेळेल अशी फट. घरमालकाला विचारून. जमिनीखालच्या सामाईक गॅरेजमध्ये ठेवायचं असेल तरी आधी विचारा. आगीच्या नियमांमुळे काही इमारतींत तिथं गाडीशिवाय काहीही ठेवू देत नाहीत.

ठेवण्याआधी धुणं आलं. हिवाळाभर इथं रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ आणि ब्रेकची काळी पूड रिमच्या आतल्या बाजूला थापून बसते, आणि सहा महिने तशीच ठेवली तर लोखंडी रिमला गंज आणि अलॉयला पांढरे फोड येतात. आपल्यासारखं अंगणात पाइप लावून धुता येत नाही, पाणी जमिनीत मुरतं म्हणून बहुतेक गावांत मनाई आहे. मी बदलायच्या आदल्या दिवशीच गाडी नाणी टाकायच्या वॉश बॉक्समध्ये नेते आणि चाकं गाडीला असतानाच बाहेरून धुऊन घेते. काढल्यावर आतली बाजू ओल्या फडक्यानं पुसायची. मग जुन्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं खाचांत अडकलेले खडे काढायचे. हे काम माझ्या लेकीचं. ती सात वर्षांची आहे आणि खडे एका वाटीत मोजून ठेवते. या एप्रिलमध्ये चार चाकांत मिळून ६३ निघाले. खडे काढताना प्रत्येक खाच डोळ्यांखालून जाते, हा त्याचा खरा फायदा. दोन वर्षांपूर्वी तिलाच एक खिळा सापडला होता, डोकं झिजून नक्षीच्या बरोबरीला आलेलं. हवा जात नव्हती. पण तो तसाच राहिला असता तर कधीतरी गेलीच असती. पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत घालायचं नाही. ओलं चाक पिशवीत गेलं की पिशवी उघडताना बुरशीचा वास येतो.

नक्षी मोजायला वेगळं काही लागत नाही. एक युरोच्या नाण्याची सोनेरी कड तीन मिलिमीटरची आणि दोन युरोच्या नाण्याची चंदेरी कड चार मिलिमीटरची. खाचेत नाणं उभं घालायचं. कड पूर्ण बुडाली तर तेवढी नक्षी शिल्लक आहे. कायद्याला १.६ मिलिमीटर पुरतात, पण हिवाळी टायर चारच्या खाली गेला की बर्फात त्याचा भरवसा नाही. मी उन्हाळी टायरला एक युरो लावते, हिवाळीला दोन.

मग खुणा. इथले लोक खडूनं जर्मन अक्षरं लिहितात. मी मराठीत लिहिते: पुडा, पुउ, माडा, माउ. पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. खडू धुतल्यावर जातो, त्यामुळे धुणं आधी आणि लिहिणं नंतर, पिवळ्या मेणाच्या खडूनं, नक्षीवर. आणि हे गाडीवरून काढायच्या आत लिहायचं. चारही काढून झाल्यावर ओळखू असं वाटतं, पण ओळखू येत नाहीत. कुठलं चाक कुठं होतं हे का लागतं? आमच्या गाडीला जोर पुढच्या चाकांचा, त्यामुळे पुढचे टायर लवकर झिजतात. पुढच्या वेळी चढवताना जास्त नक्षीची जोडी मागे लावायची. मागची बाजू घसरली तर गाडी गर्रकन फिरते, ती सावरणं फार अवघड. टायरच्या कडेवर बाण असेल तर डावं डावीकडे आणि उजवं उजवीकडेच राहतं, फक्त मागचं-पुढचं होतं.

खुणेबरोबर वहीत नोंद. तारीख, किलोमीटर, चारही डॉट नंबर, नक्षी, हवा. अण्णांच्या कार्डासारखीच पानं आखली आहेत. टायरवाल्याकडेच ठेवणार असाल तरी ही एवढी नोंद करा आणि चारही नंबरांचे फोटो काढून ठेवा. मला त्या काउंटरवर तेवढंच हवं होतं.

हवेचं सांगते. निजवायच्या आधी नेहमीपेक्षा अर्धा बार जास्त भरायची. आमच्या गाडीच्या झाकणाआतल्या चिठ्ठीवर २.३ आहे, मी २.८ करते. आपल्या पीएसआयच्या हिशेबात ३३ ची ४०. सहा महिन्यांत थोडी हवा आपोआप जाते, आणि चार चाकं एकावर एक असतात तेव्हा सगळ्यात खालच्यावर तिघांचं ओझं असतं. गाडीच्या सॉकेटला लागणारा छोटा कॉम्प्रेसर आहे, त्यानं भरते. व्हॉल्व्हची टोपी लावायची. वसंतात चढवल्यावर हवा पुन्हा चिठ्ठीबरहुकूम करायला विसरायचं नाही, आणि गाडीच्या मेनूत जाऊन 'हवा साठवा' हे बटण दाबायचं. आमच्या गाडीत चाकात सेन्सर नाही, ती चाकाच्या फिरण्यावरून हवा ओळखते, म्हणून तिला नव्यानं सांगावं लागतं. ज्यांच्या चाकात सेन्सर आहेत त्यांचा दुसरा संचही सेन्सरचा लागतो.

आता बोल्ट. आपल्या मारुतीला स्टड असतात आणि वरून नट. इथल्या गाड्यांना बहुतेक बोल्टच, त्यामुळे चाक एका हातानं आणि पायाच्या बोटानं तोलून धरत पहिला बोल्ट घालावा लागतो. ते सवयीनं जमतं. महत्त्वाचं दुसरंच आहे. आमच्या लोखंडी रिमच्या बोल्टची बैठक गोल आहे, चेंडूसारखी. उन्हाळ्याच्या अलॉय रिम आधीच्या मालकानं बाहेरून घेतलेल्या, त्यांच्या बोल्टची बैठक निमुळती, शंकूसारखी. दोन्हींचे आटे सारखेच. एकाचा बोल्ट दुसऱ्यात जातो, आवळलाही जातो, पण नीट बसत नाही, आणि चालत्या गाडीचं चाक ढिलं होऊ शकतं. म्हणून वीस बोल्टची पिशवी त्या त्या संचाबरोबरच, वरच्या चाकाच्या पोकळीत, चिठ्ठी लावून. बाहेरून घेतलेल्या रिमबरोबर 'एबीई' नावाचा परवानगीचा कागद येतो, त्याची एक प्रत गाडीत ठेवा. सेकंडहँड गाडी घेताना तो मागून घ्या, नंतर विकणारा फोन उचलत नाही.

आणि हे आता मी लिहिते ते नीट वाचा. चाकं घरी ठेवायला लागलो, त्या पहिल्याच वसंतात आम्ही ती घरीच बदलली. गाडीतल्या पान्यानं नवऱ्यानं जोर लावून बोल्ट आवळले. दुसऱ्या दिवशी उल्मला निघालो. वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर डावीकडून पुढून धडधड यायला लागली, आधी हळू, मग स्टीअरिंगमध्ये जाणवेल इतकी. मला वाटलं रस्ताच खराब आहे. नवऱ्यानं गाडी कडेला घेतली. पाच बोल्टपैकी दोन माझ्या बोटांनी फिरले. लेक मागे सीटवर झोपलेली होती. मी तिथं त्या गवतात बसले आणि बराच वेळ उठले नाही.

अण्णांनी संध्याकाळी एकच प्रश्न विचारला. "हब घासला होतास का?" घासला नव्हता. चाक ज्या लोखंडी चकतीवर टेकतं तिला हब म्हणतात. तिच्यावर हिवाळाभराचा गंज होता, पापुद्रे धरलेला. चाक त्या पापुद्र्यांवर बसलं, बोल्ट घट्ट वाटले, आणि गाडी चालल्यावर गंज चुरला, तेवढी फट झाली, बोल्ट ढिले पडले. आता प्रत्येक वेळी तारेचा ब्रश घेऊन हब आणि रिमची आतली बाजू चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासते. बोल्टच्या आट्यांना तेल-ग्रीस काही लावत नाही. त्यानं पाना जास्त फिरतो आणि बोल्ट ताणला जातो. पहिले सगळे हातानं बसवायचे, मग समोरासमोरचे, चांदणी काढल्यासारखे आवळायचे. चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरवलेला जोर झाला की कळवणाऱ्या पान्यानं, आमच्या गाडीला १२० न्यूटन मीटर. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात बघा. आणि पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की पुन्हा एकदा तोच पाना तेवढ्यावरच लावून बघायचा. आम्ही त्यासाठी मुद्दाम ब्लाउबॉयरेनला जातो, तिथलं ते निळं तळं लेकीला आवडतं. पार्किंगमध्ये आधी वीस बोल्ट, मग तळं.

टायरवाल्यानं बदलले असले तरीही हे करा. तोही माणूसच आहे आणि ऑक्टोबरात त्याच्या दारात पन्नास गाड्या उभ्या असतात.

ठेवल्यावर सहा महिने विसरून जायचं, हेही मला पटत नाही. आमच्याकडे केअरवोखंची पद्धत आहे. दर आठवड्याला एका बिऱ्हाडानं जिना आणि केलरचा बोळ झाडायचा, दाराला पाटी टांगलेली असते. सहा बिऱ्हाडं, म्हणजे दर सहा आठवड्यांनी पाटी आमच्या दारी येते. झाडून झालं की मी कुलूप काढते, पिशव्या वर करते, बॅटरीनं टायरच्या कडा बघते. अंगठ्यानं थोडं दाबलं की बारीक चिरा असतील तर उघडतात. खालचं चाक वर आणि वरचं खाली करते. दहा मिनिटांचं काम. खालच्या मजल्यावरचे आजोबा पहिल्यांदा मला चाकं उचलताना बघून धावत आले होते. आता त्यांच्या चार चाकांचीही मीच अदलाबदल करते, कारण त्यांची पाठ धरलेली असते. त्यांनी मला त्यांचं लोखंडी स्टँड देऊन टाकलं. त्याला इथं 'रिमचं झाड' म्हणतात. मधे खांब, चार फांद्या, प्रत्येक चाकाचं ओझं ज्याच्या त्याच्या फांदीवर. या वर्षीपासून आमची चाकं त्यावर असतात.

आमच्या हिवाळी जोड्यांपैकी ३२१८ ची जोडी आता उतरली आहे. एप्रिलमध्ये खडे काढताना दोन युरोची कड थोडी बाहेर राहिली, म्हणजे चारच्या खाली. चिरा नाहीत, दिसायला चांगले आहेत, पण वयही झालं. या सप्टेंबरात, गर्दी सुरू व्हायच्या आत, नवी जोडी घेणार. जुने टायर टायरवाल्याकडेच काही युरो देऊन सोडायचे. तेही आधीच विचारून ठेवलं आहे.

नागपूरच्या मुलीला केलर आहे असं शेवटी कळलं. तिथं सायकली ठेवल्या होत्या म्हणून तिनं धरलंच नव्हतं. आणखी कुणाला या शनिवारी-पुढच्या शनिवारी चाकं बदलायची असतील आणि रॉयटलिंगेन-ट्यूबिंगेनच्या आसपास राहत असाल, तर माझा टॉर्क पाना, तारेचा ब्रश आणि कॉम्प्रेसर घेऊन जा. रविवारी नको, आवाज होतो, शेजारी बोलतात. आणि पाना परत आणताना त्याचा आकडा सगळ्यात खाली फिरवून आणा. १२० वर ताणून ठेवला की आतली स्प्रिंग बसते आणि पुढच्या वेळी तो चुकीचं सांगतो.